वास न येणाऱ्या गळतीचा माग

घरात गॅसचा वास आला की आधी रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हे घरोघरी लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण तो वास गॅसचा नसतो. सिलिंडरमधल्या एलपीजीला काय किंवा पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक वायूला काय, स्वतःचा म्हणावा असा वास जवळपास नाहीच. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन जातीचं उग्र वासाचं रसायन त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं. म्हणजे गळती ओळखण्याचं सर्वांत जुनं आणि फुकटातलं यंत्र म्हणजे माणसाचं नाक. स्वयंपाकघरात ते चोख काम करतं. रस्त्याखाली गंजलेल्या पाइपाच्या सांध्यातून वर्षानुवर्षं थोडा थोडा निसटणारा वायू मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा. वारा तो पसरवून टाकतो, आणि जिथे वास रोजचाच असतो तिथल्या माणसांना तो येईनासा होतो.

२०११ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात रस्त्याखालच्या अशा गळत्या शोधण्याचं काम एका मोटारीने केलं. बॉस्टन विद्यापीठाचे नेथन फिलिप्स, ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीत लेसरवर चालणारं मिथेन मोजण्याचं यंत्र बसवलं, हवा ओढून घेणारी नळी बाहेर काढली आणि शहरातले सगळेच्या सगळे ७८५ मैल, म्हणजे सुमारे १,२६० किलोमीटर, रस्ते पालथे घातले. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेनच असतो. मोकळ्या हवेत दर दहा लाख भागांत मिथेनचे जेमतेम दोन भाग असतात; बॉस्टनच्या काही रस्त्यांवर आकडा २८ पर्यंत चढला. गळतीच्या जागा निघाल्या ३,३५६. त्यातल्या सहा ठिकाणी तर मॅनहोलमध्ये स्फोट होण्याइतका वायू साठलेला होता. पुढे वॉशिंग्टनमध्ये १,५०० मैल रस्त्यांवर तोच प्रयोग झाला आणि ५,८९३ जागा सापडल्या.

कुणी म्हणेल, हा मिथेन गटारातला किंवा दलदलीतला कशावरून नाही? तेही यंत्रालाच विचारता येतं. कुजण्यातून जिवाणूंनी तयार केलेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ हा जड कार्बन थोडा कमी असतो, जमिनीत खोलवर उष्णतेने तयार झालेल्या वायूत थोडा जास्त. कार्बन साधा आहे की हा जड, यावरून मिथेन प्रकाशाचा जो रंग शोषतो तो केसभर बदलतो, आणि चांगला लेसर तेवढा फरक पकडतो. बॉस्टनमधला मिथेन बहुतांशी पाइपातलाच होता. जिथे जुने बिडाचे पाइप जास्त, तिथे गळत्याही जास्त.

गॅस कंपन्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. अमेरिकेत गळत्यांची प्रतवारी असते. स्फोटाचा धोका असेल ती पहिल्या प्रतीची, ती ताबडतोब दुरुस्त करायची. धोका नसेल ती तिसऱ्या प्रतीची, तिच्यावर लक्ष ठेवायचं; आणि अशा गळत्या वर्षानुवर्षं तशाच राहू शकत. स्फोटाच्या हिशेबाने हे बरोबर होतं, पण वातावरणाच्या हिशेबाने नव्हतं. कारण वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. नकाशावर हजारो ठिपके आले आणि प्रश्नच बदलला. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने गळत्यांची एकसारखी प्रतवारी करणं आणि त्यांची माहिती देणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक केलं. बिडाचे पाइप तेच होते. फरक पडला तो एवढाच, की मोजण्याचं साधन कंपनीबाहेरच्या माणसांच्या हातात आलं.

या साधनाच्या मुळाशी असलेली गोष्ट तशी साधी आहे. कुठल्याही वायूचे रेणू सतत थरथरत असतात आणि प्रत्येक रेणूची थरथरण्याची लय ठरलेली असते. त्या लयीशी जुळणारा प्रकाशाचा रंग तेवढा तो गिळतो, बाकीचे सोडून देतो. मिथेनचा आवडता रंग आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात, ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास आहे. त्याहून फिकी अशी त्याची दुसरी खूण १.६५ मायक्रोमीटरपाशी सापडते. साध्या दिव्याच्या प्रकाशात असंख्य रंगांची सरमिसळ असते, त्यात हा बारीकसा खड्डा बुजून जातो. लेसरचा प्रकाश एकाच, अत्यंत अरुंद रंगाचा असतो. शिवाय त्याला दिलेला विद्युतप्रवाह किंचित वाढवला की हा रंग किंचित सरकतो. तेव्हा सेकंदाला शेकडो वेळा रंग थोडा पुढेमागे सरकवायचा आणि नेमक्या कुठल्या जागी उजेड कमी पडतो ते पाहायचं. खड्डा जितका खोल तितका वायू जास्त. धूळ, धूर आणि धुकं सगळ्याच रंगांना सारखं अडवतात. ठरलेल्या जागी खड्डा पाडतो तो फक्त मिथेन. म्हणून हे यंत्र सहसा फसत नाही.

प्रकाशातल्या अशा रेघांवरून पदार्थ ओळखण्याची विद्या जुनी आहे. फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघांची नोंद केली, आणि १८५९-६० मध्ये किरखोफ आणि बुन्सेन यांनी त्या रेघा मूलद्रव्यांशी जोडून दाखवल्या. याच विद्येतून हेलियम सापडला, आणि इथे कोकणचा संबंध येतो. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. प्रत्यक्षात १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिकडूनच पाहिली. भारतातली त्या वेळची गाजलेली निरीक्षणं गुंटूर आणि मछलीपट्टणची. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्याचा मान त्याने कमी होतो असं नाही, पण तारीख तीस वर्षांनी चुकते.

लेसर १९६० मध्ये आला. वायू मोजायला तो उपयोगी पडेल हे संशोधकांना लवकरच कळलं, तरी कित्येक वर्षं ही यंत्रं प्रयोगशाळेच्या टेबलावरून हलली नाहीत. सुरुवातीच्या अवरक्त लेसरांना द्रव नायट्रोजनने थंड ठेवावं लागे, आणि असं यंत्र गाडीत घालून कोण फिरणार? वाट मोकळी केली ती टेलिफोनवाल्यांनी. काचतंतूंतून संदेश पाठवण्यासाठी १.३ ते १.६ मायक्रोमीटरचे छोटे, टिकाऊ, खोलीच्या तापमानाला चालणारे लेसर डायोड मोठ्या प्रमाणावर बनू लागले. निसर्गाची कृपा अशी की पाण्याची वाफ, अमोनिया, ॲसिटिलीन, हायड्रोजन फ्लोराइड यांच्या खुणा याच पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी शेजारी पडतात, मिथेनची १.६५ ची खूणही जवळच. वायू मोजणाऱ्यांना आयता लेसर मिळाला.

अडचण एवढीच की या पट्ट्यातल्या खुणा फिक्या असतात. फिकी खूण दिसायला प्रकाशाने वायूतून लांबचा प्रवास करायला हवा, किलोमीटर-किलोमीटर. तेवढी लांब नळी कोण ठेवणार? यावरचा तोडगा १९८८ मध्ये ओकीफ आणि डीकन यांनी मांडला. वीतभर लांबीच्या नळीच्या दोन्ही टोकांना इतके चोख आरसे बसवायचे की त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातला लाखातला एखादाच भाग वाया जावा. आत सोडलेला प्रकाश मग दोन आरशांमध्ये हजारो वेळा येरझारा घालतो, आणि पंचवीस सेंटिमीटरच्या नळीत वीस किलोमीटरहून जास्त वाटचाल करतो. लेसर बंद केला की आतला उजेड क्षणात विझत नाही. देवळातल्या घंटेचा नाद टोल पडल्यावर हळूहळू विरतो तसा तो विरत जातो. हे विरणं मायक्रोसेकंदांचंच, पण तेवढ्यात ते मोजता येतं. नळीत मिथेन असेल तर उजेड लवकर विरतो. आणि घंटेवर टोल जोरात पडला की हळू, याने विरण्याचा वेग बदलत नाही. तसंच लेसरचा प्रकाश थोडा कमीजास्त झाला तरी मोजमाप बिघडत नाही. अब्जात एक भाग इतका बारीक फरक भर रस्त्यात, चालत्या गाडीत मोजता येतो तो यामुळे.

दुसरा एक उपाय त्याहून गमतीचा आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये पाहिलं होतं की उघडझाप करणारा प्रकाश एखाद्या पदार्थाने शोषला की त्यातून आवाज निघतो. वायू प्रकाश गिळतो, किंचित तापतो, फुगतो, थंड होतो, आकसतो, आणि हा झाला ध्वनी. २००२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या कोस्टेरेव्ह, टिटल आणि सहकाऱ्यांनी हा आवाज ऐकायला मायक्रोफोनऐवजी क्वार्ट्झ मनगटी घड्याळातला नादकाटा वापरला. हा काटा काही मिलिमीटरचा असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्या संख्येला पंधरा वेळा निम्मं केलं की एक उरतो, म्हणून घड्याळवाल्यांनी ती निवडलेली. लेसरचा किरण काट्याच्या दोन पायांमधल्या फटीतून न्यायचा आणि त्याची उघडझाप काट्याच्या लयीशी जुळवायची. वायू असेल तर काटा डोलू लागतो, आणि क्वार्ट्झ असल्यामुळे डोलताना आपणच वीज निर्माण करतो. इतक्या उंच स्वरावर आजूबाजूचा गोंगाट फारसा नसतो, त्यामुळे काट्याला रहदारीचा वगैरे त्रास नाही. घड्याळासाठी लाखोंनी बनणारा, अगदी स्वस्तातला सुटा भाग वायू मोजू लागला!

फिक्या खुणा सोडून थेट ठळक खुणांवरच जायचं तर वेगळा लेसर लागतो. १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये फेडेरिको कपासो, जेरोम फेस्ट आणि सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेसर तयार केला. यात प्रकाशाचा रंग ठरतो तो मुख्यतः अतिपातळ थरांच्या जाडीवरून. थर किती जाड ठेवायचे ते कारागिराच्या हातात, म्हणजे रंगही त्याच्याच हातात. सुरुवातीला यालाही थंडी लागायची. २००२ पर्यंत तो खोलीच्या तापमानाला अखंड चालू लागला.

या यंत्रांनी हवेच्या अभ्यासाची रीतच बदलली. गोव्यातल्या काब द रामच्या किनाऱ्यावर १९९३ पासून शास्त्रज्ञ हवेचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरत आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवत. काम नेटकं होतं, पण बाटली सांगते ती एका क्षणाची हवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४-१५ मध्ये सिंहगडावर लेसर शोषणावर चालणारं यंत्र ठेवलं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनचे आकडे दिवसरात्र हाती येऊ लागले. सरासरी कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४०६ भाग निघाला आणि मिथेन १.९७. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्यांच्या डोक्यावरून कुठली हवा वाहते, सकाळ-संध्याकाळ तिच्यात काय फरक पडतो, पावसाळी वाऱ्यांनी काय बदलतं, हे सलग पाहता येणं ही मोठीच गोष्ट होती.

सगळ्यांत नाट्यमय प्रवेश मात्र मंगळावर झाला. नासाचं क्युरिऑसिटी हे वाहन ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे उतरलं. त्याच्या पोटात एक लहान लेसर वर्णपटमापक आहे. त्याच्या वीसेक सेंटिमीटरच्या नळीत प्रकाश ८१ फेऱ्या मारतो. मंगळावर मिथेन सापडला तर तो जिवाणूंचाही असू शकतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. पहिल्याच मोजणीत मिथेन दिसला, पण तो होता फ्लोरिडाचा! यंत्राच्या पुढच्या कप्प्यात पृथ्वीवरची हवा अडकून राहिली होती. तिचा हिशेब वजा केल्यावर मंगळाची हवा जवळजवळ कोरी निघाली. मग २०१३ च्या शेवटाला काही आठवडे आकडा अब्जात सात भागांपर्यंत वर गेला आणि पुन्हा उतरला. जून २०१९ मध्ये एकदा २१ पर्यंत. दुसरीकडे, मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपच्या यानाला वातावरणात मिथेन दिसेचना, अब्जात ०.०५ भागसुद्धा नाही. त्या पुढच्या कप्प्यातल्या हवेनेच वाहनाला फसवलं असेल का, ही शंका काही शास्त्रज्ञ आजही घेतात. यंत्र जितकं हळवं, तितकं ते स्वतःच्याच श्वासाने चकण्याचा धोका जास्त.

चंद्रावर भारताने लेसरचा उलटा उपयोग केला. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान वाहनावरचं यंत्र प्रकाश गिळला जातो का हे पाहत नव्हतं. तीव्र लेसरचा फटकारा मारून मातीचा एक सूक्ष्म कण ठिणगीसारखा तापवत होतं आणि त्या ठिणगीचा वर्णपट वाचत होतं. बंगळुरूच्या इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळेने बनवलेल्या या उपकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं जागेवरच दाखवलं. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियमही दिसले. हीच पद्धत भंगाराच्या धंद्यात पिस्तुलासारख्या हातातल्या यंत्रात आली आहे. लोखंडात कार्बन किती हे तिथे वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरण यंत्रांना सांगता येत नाही, लेसरच्या ठिणगीला येतं. आणि पोलादाची प्रत बरीचशी कार्बनवर ठरते.

रामन परिणामाचं नाव इथे घ्यायलाच हवं. कोलकात्यात १९२८ मध्ये रामन आणि कृष्णन यांनी सूर्यप्रकाश आणि पाऱ्याचा दिवा वापरून पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो हे जे पाहिलं, ते इतकं मंद असतं की प्रकाशाच्या कोटभर कणांतल्या एखाद्याच्याच वाट्याला येतं. लेसर आल्यावर त्याचं रोजच्या वापराचं साधन झालं. औषध कारखान्यांत आलेल्या कच्च्या मालाची पिशवी न फोडता, बाहेरूनच किरण मारून आत नेमकं तेच रसायन आहे का ते पडताळता येतं. युरोपातल्या काही विमानतळांवर २०१४ पासून बंद बाटलीतलं द्रव तपासायलाही अशी यंत्रं लागली.

धुराड्यांचं काम यांपेक्षा रूक्ष, पण मोठं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. सगळीच लेसरची नसतात, पण अमोनिया किंवा हायड्रोजन फ्लोराइडसारख्या चिकट, कुठेही चिकटून बसणाऱ्या वायूंसाठी लेसर सोयीचा. नमुना नळीतून बाहेर ओढला की हे वायू नळीलाच लागून राहतात आणि आकडा खोटा येतो. त्यापेक्षा धुराड्याच्या एका बाजूला लेसर, समोरच्या बाजूला ग्राहक, आणि किरण थेट धुरातून आरपार. गोम असते ती काचेत. तिच्यावर राख बसली की उजेड मंदावतो, म्हणून तिथे सतत स्वच्छ हवेचा झोत सोडावा लागतो, यंत्र वेळच्या वेळी प्रमाणित वायूने पडताळावं लागतं. हे करणारा माणूस नसेल तर लाखो रुपयांचं यंत्र नुसतं आकडे छापत बसतं. मोजमाप सुधारलं की कारभार आपोआप सुधारतो, या समजात फार लोक असतात.

आता पुढची उडी माणसाच्या श्वासावर आहे. एक परीक्षा तर रुळलेली आहे: पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणू असल्याची शंका असेल तर कार्बन-१३ घातलेला युरिया प्यायला देतात, जिवाणू तो फोडतो आणि जड कार्बनचा कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. त्याची मोजदाद पूर्वी मोठ्या वस्तुमान वर्णपटमापकावर होई, आता लेसरनेही होते. त्यापलीकडचं स्वप्न एकाच फुंकरीत अनेक रेणू वाचण्याचं. त्यासाठी हजारो रंगांचे नेमके, समान अंतरावरचे दात असलेला प्रकाशाचा कंगवा वापरतात. या तंत्राबद्दल जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. कोलोरॅडोतल्या जून ये यांच्या गटाने १७० जणांचे श्वास या कंगव्याने तपासून करोना आहे की नाही हे सुमारे ८५ टक्के अचूकतेने सांगितलं, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच आकड्यांतून बाई की पुरुष, तंबाखू ओढणारा की नाही, याचाही फरक दिसला. दवाखान्यात यंत्र जाण्याआधीची खरी मेहनत इथेच आहे. जेवण, वय, व्यसन, औषधं, सगळंच श्वासात उतरतं, आणि निरोगी श्वासाची सर्वमान्य यादी अजून कुणाकडे नाही. ती करायला वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळं खाणाऱ्या हजारो माणसांना नळीत फुंकावं लागेल, आणि त्यासाठी टेबलभर पसरलेली लेसर-आरशांची मांडणी आधी पेटीत मावायला हवी. त्या गटाचं काम सध्या त्याच दिशेने चालू आहे.